पोटखराबा

वडील गेल्यानंतर वारसनोंदीसाठी सातबारा काढला आणि आमच्या सड्याला सरकार काय म्हणतं ते पहिल्यांदा नीट वाचलं. लागवडीचं क्षेत्र वर, आणि खाली वेगळ्या ओळीत : पोटखराबा, वर्ग (अ), लागवडीस अयोग्य. आमच्या जमिनीतला निम्म्याहून जास्त भाग त्या एका ओळीत बसला होता. लहानपणी हा शब्द वडिलांच्या आणि काकांच्या बोलण्यात यायचा तेव्हा मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलंय. तिला ओव्याचं पाणी द्यायला हवं, असं मी एकदा आजीला सांगितलंही होतं. आजी हसली नाही. म्हणाली, "कातळाला काय होतंय? पोट बिघडतं ते त्यावर पिकवायला जाणाऱ्याचं."

वर्ग (अ) म्हणजे खडकाळ, नांगर न चालणारी जमीन. तिच्यावर सारा नाही. वर्ग (ब) म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान अशा कामासाठी सोडलेली. म्हणजे पिकवता येत नाही, चालता येत नाही, जाळताही येत नाही असं जे काही उरलं, ते आमचं.

गाव राजापूर तालुक्यात. नाव सांगत नाही, कारण पुढे एका चिरेखाणीचा विषय येणार आहे आणि गावात मला अजून चार घरी जेवायला जायचं असतं.

ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : घाटाच्या पायथ्यापासून समुद्राकडे येताना डोंगर मध्येच सुरीनं कापल्यासारखे सपाट होतात. वर मैलभर उघडा, काळपट तांबडा जांभा. झाड औषधाला नाही. माती असलीच तर खोबणीत चिमूटभर. लाखो वर्षांच्या उष्ण, ओल्या हवेत खडकातली सिलिका धुऊन गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, तो हा दगड. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं मलबारात अंगडीपुरमजवळ लोक तो मऊ असताना तोडतात आणि उघड्यावर कडक झाला की विटेसारखा वापरतात, हे पाहिलं आणि १८०७ साली त्याला 'लॅटराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये वीट म्हणजे लॅटर. आमच्याकडे तेव्हाही त्याला चिराच म्हणत असणार. आमचं घर, गडगे, पाखाडी, विहिरीचं कठडं, देवळाचा चौथरा, सगळं त्याच एका दगडाचं. गावात नवं काही बांधायचं म्हणजे डोंगराचा एक तुकडा खाली आणायचा, एवढंच.

चाकरमान्याला सडा तीनच वेळा भेटतो. मे महिन्यात, शिमग्याला आणि गणपतीत. मेमधला सडा म्हणजे तापलेला तवा. दुपारी अनवाणी पळत गेलो की पायाला फोड यायचे. त्यावर आम्ही क्रिकेट खेळायचो, टप्पा हवा तसा पडायचा नाही म्हणून भांडायचो, आणि चेंडू दगडांच्या राशीत गेला की तो सोडून द्यायचो. त्या राशीत फुरसं असतं. वीतभर साप, पण वेटोळ्यावर वेटोळं घासून करवतीसारखा आवाज काढतो, आणि तो आवाज एकदा ऐकलेला माणूस चेंडू परत मागत नाही. एवढीच आमची सड्याशी ओळख. मधल्या काळात तिथे काय चालतं ते आम्हाला माहीत नव्हतं, कारण तेव्हा आम्ही डोंबिवलीत असायचो.

वारसनोंदीमुळे यंदा मी जुलैत गेलो. पन्नाशी उलटल्यावर आषाढातलं गाव पहिल्यांदा पाहिलं. कागदाचं काम दुपारपर्यंत उरकलं, एसटी संध्याकाळची होती, म्हणून छत्री घेऊन वर गेलो. छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी झाली. धुकं इतकं की स्वतःचे पाय दिसायला वाकावं लागत होतं. आणि वाकलो म्हणून दिसली. कातळाच्या भेगेतून वर आलेली, फूटभर उंच देठाची, पांढरी सहा पाकळ्यांची फुलं. एक नाही, शेकडो. पावसाच्या माऱ्यात देठ लवत होते, परत उभे राहत होते.

ती दीपकाडी होती. खाली कांद्यासारखा कंद, गवतासारखी पानं. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकाडी कोंकानेन्स, आणि कोकण आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्याबाहेर ती सापडत नाही. पहिला पाऊस पडला की कंद जागा होतो, जून-जुलैत फुलतो, आणि गणपतीला आम्ही पोचेपर्यंत सगळा कारभार आटोपून परत जमिनीखाली. म्हणजे माझ्या उभ्या आयुष्यात ही फुलं दरवर्षी माझ्याच नावावरच्या कातळावर येत होती, आणि मी दरवर्षी महिनाभर उशिरा पोचत होतो.

आबा गुरं घेऊन तिथेच होते. आबा आमचे शेजारी, वय विचारलं तर "पंच्याहत्तर की काय ते" म्हणतात. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काठी. मी त्यांना विचारलं, हे फूल तुम्ही दरवर्षी बघता?

"बघायचंय काय त्यात? गुरं खात नाहीत."

आबांची वर्गवारी सरकारपेक्षा बरी आहे. गुरं खातात, गुरं खात नाहीत, माणसं खातात. तिसऱ्या वर्गात कवला येतो, कुलूची भाजी येते. कवल्याची कोवळी पानं पावसाच्या सुरुवातीला खुडायची, कांद्यावर परतायची. खुडायची राहून गेलेली झाडं मग भाद्रपदात पिवळी फुलतात, आणि शहरातून कॅमेरे घेऊन आलेली मंडळी त्याच फुलाला 'मिकी माउस' म्हणतात, कारण दोन पाकळ्या कानांसारख्या वर असतात आणि त्यांवर तांबडे ठिपके. मला हे नाव आवडत नाही, पण एकदा ऐकल्यावर दुसरं काही दिसतही नाही.

गणपतीत परत गेलो तेव्हा मनाशी ठरवूनच गेलो होतो. मोदकांच्या दोन दिवसांनी सकाळी सड्यावर जाऊन सरळ पालथा पडलो. उभ्या माणसाला भाद्रपदातला सडा म्हणजे निळ्या-जांभळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चादरी दिसतात. फोटोत तेच येतं. पण ती चादर कशाची विणली आहे ते बघायचं तर पोट ओल्या कातळाला टेकावं लागतं. माझा सदरा भिजला, कोपरं सोलली, आणि चष्म्यापासून चार बोटांवर एक जग उघडलं.

सगळ्यात पुढे गेंद. काडीच्या टोकाला पांढरं बटण, तांदळाच्या पिठाचा थेंब सुकावा तसं. त्यांच्यामधून सीतेची आसवं. हरभऱ्याएवढं जांभळं फूल, खालच्या बाजूला शेपटीसारखी बारीक नळी. नाव किती हळवं, पण ही आसवं मांसाहारी आहेत. ओल्या मातीत त्यांचे केसासारखे धागे पसरलेले असतात आणि त्यांना मोहरीपेक्षा लहान फुगे. फुग्याच्या तोंडाशी झडप असते. आतलं पाणी उपसून फुगा आत दाबलेला राहतो. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव तोंडाजवळच्या केसाला लागला की झडप उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि झडप बंद. डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे कितीतरी वेळा होऊन जाईल. आतल्या पाचकरसात मग त्याचं जेवण होतं. बाजूलाच दवबिंदू. त्याच्या तांबूस पानांवर चिकट थेंबांचे केस, त्यावर एक चिलट अजून पाय हलवत होतं. मी बघत असताना ते थांबलं.

हे सगळं का, तर खायला काही नाही म्हणून. जांभ्यावरच्या त्या चिमूटभर मातीत नत्र जवळजवळ नसतं. पावसाळ्याचे चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळतं आणि असेल नसेल ते धुऊन नेतं. उरलेले आठ महिने तवा. अशा जागी ज्याला राहायचं आहे त्यानं एकतर कंदात झोपावं, नाहीतर बी होऊन भेगेत पडावं, नाहीतर किडे खावेत. पोट खराब असलेल्या जमिनीवर पोट भरायच्या या तऱ्हा.

मी तसा पालथा पडलेलो असताना वरच्या वाडीतली दोन मुलं तेरडा गोळा करत आली. मला बघून थबकली. मोठीनं विचारलं, "काका, काय हरवलंय काय?" मी म्हटलं, फुलं बघतोय. दोघं एकमेकांकडे बघून हसली, आणि मग लहानग्यानं माझ्या शेजारी पालथं पडून बघितलं. "ह्यात काय आहे?" म्हणाला. झडपेची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र उठेना. ताईनं दंडाला धरून उठवला, कारण गौर खोळंबली होती.

आमच्याकडे गौर तेरड्याची. मुळासकट उपटलेली तेरड्याची रोपं पाणवठ्यावरून वाजतगाजत घरी आणायची, मुखवटा चढवायचा, साडी नेसवायची. नव्या सुना सुपं घेऊन ओवसायला येतात. पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी जेवते, तिसऱ्या दिवशी जाते. पुण्याकडे 'तेरड्याचा रंग तीन दिवस' हा टोमणा आहे, चंचल माणसाला मारायचा. आमच्या काकूला मी हे सांगितलं तर तिला त्यात टोमणा काय आहे तेच कळेना. "मग किती दिवस राहायला हवा? गौर तीनच दिवस असते ना." तिच्या दृष्टीनं ते वेळापत्रक आहे.

गणपतीवरच्या माटवीतही, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीत, सगळं सड्यावरचं आणि त्याच्या उतारावरचंच टांगलेलं असतं. कवंडळ, कांगुण्या, शेरवडाची पांढरी पानं, कळलावीची लालपिवळी फुलं. कळलावीचा कंद विषारी, कवंडळ कडू जहर. आमच्या माणसांनी देवाला वाहायला जे निवडलं ते बाजारात न विकलं जाणारं, ताटात न येणारं. याला काही अर्थ असेल किंवा भाद्रपदात तेवढंच फुललेलं असतं म्हणूनही असेल. दुसरं कारण मला जास्त पटतं.

उताराचं निघालंच आहे तर देवरहाटीबद्दलही सांगतो, थोडक्यात. सडा संपून डोंगर खाली उतरायला लागतो तिथे गावाची देवरहाटी, म्हणजे देवासाठी राखलेलं रान, आहे. बेहडा, सातवीण, काजरा, आणि दोघांनी कवेत घेतला तरी न मावणारे आंबे. तिथली फांदी तोडायची तर देवाला कौल लावावा लागतो, आणि देव सहसा परवानगी देत नाही. जुन्या झाडांच्या ढोल्यांत धनेश घर करतो. आमच्याकडे त्याला सरसकट गरुड म्हणतात. मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून. नर आठवड्यामागून आठवडे तिला फळं आणून भरवतो, वडा-उंबराची, काजऱ्याचीही. काजऱ्याची बी माणसाला मारते, त्याला फळ पचतं. मोठी झाडं गेली की ढोली गेली आणि ढोली गेली की गरुड गेला, इतकं हे सरळ आहे. सड्यावरून संध्याकाळी तो पलीकडच्या डोंगराकडे जातो तेव्हा पंखांचा आवाज आधी येतो, आगगाडी लांबून यावी तसा, पक्षी मागाहून.

दिवाळीनंतर तिसऱ्यांदा गेलो. गवत कापून झालं होतं. सड्यावरचं गवत पूर्वी गोठ्याच्या छपराला जायचं, आंब्याच्या पेटीत जायचं. आता बरंचसं उभंच वाळतं आणि वणव्यात जातं, पण आमच्या भागातलं आबा कापतात. गवत गेलं की कातळ उघडा पडतो, आणि उघड्या कातळावरचं बघायला हाच काळ बरा. पुतण्या बरोबर होता. त्याला कातळशिल्पं बघायची होती, म्हणून सकाळी निघून कशेळीला गेलो.

कशेळी आम्हाला माहीत होती ती कनकादित्यासाठी. सूर्याची देवळं एकूणच कमी, त्यात हे जुनं. मूर्ती घेऊन जाणारं गलबत पुढे हलेना म्हणून ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, आणि कनका नावाच्या बाईला स्वप्नात दृष्टांत झाला, अशी दंतकथा. दंतकथेपेक्षा मला तिथला ताम्रपट आवडतो. शिलाहार राजा दुसरा भोज यानं शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१ मध्ये दिलेल्या दानाचा. आठशे वर्षांपूर्वीचा जमिनीचा कागद, फक्त तांब्याचा. माझा सातबारा लॅमिनेट करून आणला होता, तो आठवला.

गावाबाहेरच्या सड्यावर गेलो तर पहिली दहा मिनिटं काहीच दिसेना. पायाखाली नुसत्या खाचा. पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही त्याच्यावरच उभे आहात. मग मागे सरकलो, अजून मागे, आणि एका क्षणी खाचांची रेघ झाली, रेघेची पाठ झाली, सोंड झाली. हत्ती. लांबी सुमारे १८ मीटर, उंची १३. एसटी त्याच्यासमोर उभी केली तर लहान दिसेल. आणि त्याच्या पोटात प्राणी. सत्तरच्या वर आकृत्या, एकमेकींना खेटून, काही एकमेकींवर चढलेल्या. मासे, पक्षी, चार पायांची जनावरं. शेपटी लांब चाबकासारखी असलेला एक मासा बघून पुतण्या ओरडलाच, "ही तर पाकट!" बाजारात रोज दिसणारा मासा दगडात बघायला मिळाला की हजारो वर्षांचं अंतर एकदम भाजीवाल्याच्या गाडीएवढं होतं.

अशा आकृत्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सड्यांवर मिळून हजाराहून अधिक सापडल्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना विचारून, झाडू मारून बऱ्याचशा उजेडात आणल्या. २०२२ साली यातल्या नऊ ठिकाणांची युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंद झाली, त्यांतली सात आमच्या जिल्ह्यात : कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी. उक्षीला गावानंच हत्तीभोवती कठडा बांधला आहे. देवाच्या गोठण्याला माणसाच्या आकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई भलतीकडे जाते. आम्ही परत येताना तिथे गेलो, फोनमधली सुई खरंच गोंधळली. पुतण्यानं तीनदा फोन बंद करून चालू केला.

कोणी कोरली, कधी कोरली, यावर अभ्यासकांचं अजून चाललं आहे. अंदाज दहा हजार वर्षांच्याही मागे जातात. त्यातला एक मुद्दा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. या आकृत्यांत गेंडा आहे, पाणघोडा आहे, जे आज कोकणात नाहीत. वाघ आहे, मोर आहे, मासे आहेत. शेती नाही. नांगर नाही, पेरणारा माणूस नाही. म्हणून हे शिकार करून, वेचून खाणाऱ्यांचं काम असावं असं म्हणतात. म्हणजे ज्या माणसांनी हा कातळ सगळ्यात जास्त निरखला, ज्यांनी त्यावर सगळ्यात जास्त घाम गाळला, त्यांना 'लागवडीस अयोग्य' हा शेरा कळलाच नसता. खालच्या रानात झाडं-झुडपं, वर मोकळं. एवढा मोठा हत्ती काढायला दुसरी जागा होती कुठे?

गावच्या लोकांना यातल्या बऱ्याच आकृत्या आधीपासून ठाऊक होत्या. पांडवांची चित्रं म्हणायचे. पांडव वनवासात आले, एका रात्रीत काढून गेले, कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. कोकणात जे जे अर्धवट आहे ते ते पांडवांचं.

आता चिरेखाण. आमच्या सड्याचा पूर्वेकडचा पट्टा वडिलांनी मी कॉलेजात असताना खाणीला दिला. आत्याचं लग्न होतं, घराची मागची भिंत पडली होती, आणि पोटखराब्याला कोणी पैसे देतंय हेच अप्रूप होतं. तीन वर्षं दिवसभर कटरचा आवाज आणि घरभर तांबडी धूळ. ते गेल्यावर मागे चौकोनी खड्डा राहिला. भिंतींवर कटरच्या सरळ, समांतर रेघा, खाली हिरवं पाणी. पाण्यावर एक टिबुकली असते, माणूस दिसला की बुडी मारते. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून पाझरत खाली उताराला झऱ्यांतून, विहिरींतून निघतं. आमच्या वाडीची विहीर पूर्वी मेअखेरपर्यंत टिकायची. आता एप्रिल उजाडायच्या आत तळ दिसतो. खाणीमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आबा म्हणतात.

आणि खाणीच्या अलीकडे वडिलांची कलमं. १९९०च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा अख्ख्या कोकणानं सड्यांवर हापूस लावला. सुरुंग लावून कातळात खड्डे, खालून डोक्यावरून आणलेली माती, उन्हाळ्यात कावडीनं पाणी. वडिलांनी चाळीस कलमं लावली, सत्तावीस जगली. त्या सत्तावीस झाडांच्या पेट्यांवर माझ्या बहिणीचं शिक्षण झालं. प्रत्येक खड्ड्याच्या जागी आधी काय होतं, गेंद, दीपकाडी, की एखाद्या पाकटीची शेपटी, ते आता कळायला मार्ग नाही. वडिलांना मी हे विचारलं असतं तर त्यांनी आजीचंच उत्तर दिलं असतं. आंबे मी अजून खातो.

कशेळीहून परतलो त्या संध्याकाळी पुतण्या खराटा घेऊन आमच्याच सड्यावर गेला. त्याला खात्री होती की आपल्याकडेही काहीतरी असणार. मी चहा संपवून मागून गेलो. खाण आणि कलमं यांच्यामधल्या तुकड्यावर त्यानं खोलीएवढी जागा झाडून काढली होती. ऊन तिरपं झालं होतं, आणि तिरप्या उन्हात एक रेघ दिसत होती. नंतर दुसरी, तिला छेदणारी. मग तिरक्या. त्यानं बाटलीतलं पाणी ओतलं. रेघा काळ्या होऊन उठल्या. चौकोन, त्यात कर्ण, वरच्या बाजूला त्रिकोण, जिथे जिथे रेघा मिळतात तिथे बोटानं दाबल्यासारखे खळगे.

पुतण्या कुजबुजत बोलायला लागला, देवळात बोलतात तसा. फोटो काढले, पायानं मापं घेतली. कोणाला कळवायचं यावर आमची चर्चा चालू झाली. मलाही काही सुचत नव्हतं. सातबाऱ्याच्या त्या ओळीत आता काय काय बसवावं लागेल असं काहीतरी डोक्यात येत होतं.

आबा गुरं वळवून येत होते. थांबले, काठीवर हनुवटी ठेवून खाली बघितलं.

"सापडला होय. मी म्हटलं खाणीत गेला."

काय सापडलं, आबा?

"पट. वाघबकरीचा. माझ्या आज्यानं खोदलेला, की त्याच्या आज्यानं, काय म्हायत. आम्ही दिवसभर इथेच असायचो गुरांमागे." खाली बसता बसता त्यांनी आजूबाजूचे खडे गोळा केले, बारीक एका बाजूला, मोठे दुसऱ्या. पुतण्याचा चेहरा पडला होता, पण तोही बसला. मोठे खडे आबांनी पटाच्या वरच्या टोकाला मांडले, आणि मूठभर बारीक माझ्यापुढे सरकवले.

"वाघ माझे," म्हणाले. "तुमच्याकडे शेळ्या."